आपलाच आवाज उशिरा का ऐकू येतो?

पत्र: नमस्कार. मी हौसेनं गाते आणि थोडी गिटार वाजवते. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करावीत म्हणून नुकताच दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन घेतले. लॅपटॉप विंडोजचा आहे. पहिल्याच दिवशी आवाजात तडतड यायला लागली. एका मित्रानं सांगितलं म्हणून बफर ६४ वरून १०२४ केला. तडतड गेली, पण तेव्हापासून गाताना माझाच आवाज मला मागाहून ऐकू येतो, कधीकधी तर दोनदा. रेकॉर्ड झालेलं फक्त डाव्या कानात वाजतं. त्याच्यामागे सतत ‘सूं’ असा आवाज असतो. कहर म्हणजे गेल्या आठवड्यात रेकॉर्ड केलेलं गाणं परवा नव्या प्रोजेक्टमध्ये घेतलं तर ते धावायलाच लागलं, आणि माझा आवाज लहान मुलीसारखा. गिटार जोडली तर ती गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते. एक मित्र म्हणतो लॅपटॉप बदल, दुसरा म्हणतो चांगला माइक घे. मला वाटतं, इंटरफेसच खराब आहे. परत करू का?

उत्तर:

परत करू नका. निदान या आठवड्यात तरी नको. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात बिघडलेल्या यंत्राचं एकही ठाम लक्षण मला सापडलं नाही. बिघडलेला इंटरफेस एवढ्या शिस्तीत चुकत नाही. तो मध्येच गायब होतो, त्याचं एखादं इनपुट कायमचं मुकं होतं, नॉबला हात लावला की तो खरखरतो. तुमच्या सहाही तक्रारींचा उगम एकाच जागी नाही, आणि तुमच्या मित्रांनी बोट दाखवलंय त्या जागी त्यातली एकही नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

सगळ्यात सोपी तक्रार आधी संपवू. डाव्या कानातच वाजतं, कारण तुमचा माइक इनपुट १ मध्ये आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ट्रॅक स्टिरिओ केला आहे. स्टिरिओ ट्रॅकच्या लेखी इनपुट १ म्हणजे डावी बाजू आणि इनपुट २ म्हणजे उजवी. उजवीकडे काही जोडलेलंच नाही, मग तिथून काय ऐकू येणार? ट्रॅक मोनो करा, इनपुट म्हणून फक्त १ निवडा. आवाज मधोमध येईल. आधी झालेली रेकॉर्डिंग्जही वाया गेलेली नाहीत. स्टिरिओ फाइलमधली डावी बाजू वेगळी काढून मोनो करता येते. रेकॉर्डिंग मधोमध आलं तरी गाताना हेडफोनमध्ये एकाच कानात येत असेल, तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (गाताना आपला आवाज थेट ऐकवणाऱ्या सोयीचं) मोनो-स्टिरिओ असं बटण आहे का बघा. ते मोनोवर हवं.

आता उशीर. इथे जरा थांबू, कारण घरी रेकॉर्ड करणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं घोडं इथेच अडतं.

तुमचा आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये जातो, तिथे त्याचे आकडे होतात, ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपमध्ये जातात, सॉफ्टवेअर त्यावर काम करतं, मग तेच आकडे उलट्या वाटेनं परत येतात आणि हेडफोनमध्ये त्यांचा पुन्हा आवाज होतो. संगणक हे आकडे एकेक करून हाताळत नाही. तो बादली भरू देतो आणि भरलेली बादली एकदम उचलतो. त्या बादलीचं माप म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर (याला सॅम्पल रेट म्हणतात) एका सेकंदाचे ४८,००० नमुने, म्हणजे तेवढे आकडे, होतात. बफर १२८ असेल तर बादली भरायला २.७ मिलिसेकंद लागतात आणि संगणकाला ती सेकंदाला ३७५ वेळा उचलावी लागते. बफर १०२४ केला की बादली भरायला २१ मिलिसेकंद, आणि फेऱ्या सेकंदाला सत्तेचाळीसच्या आसपास.

तुमच्या दोन्ही तक्रारी याच एका मापातून आल्या आहेत. ६४ ची बादली सेकंदाला ७५० वेळा उचलायची होती. लॅपटॉप मध्येच दुसऱ्या कामात गुंतला, एखादी फेरी चुकली, आणि त्या रिकाम्या क्षणाचा ‘तड्’ असा आवाज झाला. मित्रानं बादली सोळापट मोठी केली, फेऱ्या चुकेनाशा झाल्या. पण आता प्रत्येक बादली भरायची वाट बघावी लागते. तीही दोनदा, जाताना एक आणि येताना एक. म्हणजे १०२४ वर नुसत्या बफरचेच ४३ मिलिसेकंद झाले. त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करायला लागणारा वेळ, शिवाय ड्रायव्हरनं (लॅपटॉप आणि इंटरफेस यांना जोडणाऱ्या प्रोग्रामनं) स्वतःच्या सोयीसाठी मागे ठेवलेली थोडी गंगाजळी, हे वेगळंच. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. त्या हिशोबानं तुम्ही स्वतःला पंधरा मीटर लांब उभं करून स्वतःचं गाणं ऐकत होतात. अशा वेळी ताल सुटला तर दोष गळ्याचा नाही.

मग नेमका आकडा कुठला? गाताना १२८ लावून बघा, तडतडलं तर २५६. त्याच्या वर गाताना जाऊ नका. गाणं रेकॉर्ड झालं, आता फक्त मिक्स करायचं आहे, इफेक्ट चढवायचे आहेत, अशा वेळी खुशाल १०२४ करा. तेव्हा थेट कुणी गात नसतं, त्यामुळे उशीर कुणाला बोचत नाही. बफर हे एकदा लावून विसरायचं सेटिंग नाही. काम बदललं की तेही बदलायचं. तुमच्या मित्राचं चुकलं ते एवढंच: मिक्सिंगचा आकडा त्यानं गाताना लावायला सांगितला.

पण खरं सांगायचं तर आवाज आणि गिटार रेकॉर्ड करताना तुम्हाला लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज ऐकायची गरजच नाही. इंटरफेसच्या तोंडावर ‘डायरेक्ट’ किंवा ‘मॉनिटर’ असं लिहिलेलं बटण असेल, किंवा एका टोकाला ‘इनपुट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘प्लेबॅक’ असलेला नॉब. यातून माइकचा आवाज लॅपटॉपकडे न जाता इंटरफेसच्या आतल्या आत हेडफोनकडे वळतो. उशीर जवळजवळ शून्य. आणि तुम्हाला आवाज दोनदा ऐकू येतो त्याचं कारणही हेच आहे: हे बटण चालू आहे आणि सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंगही चालू आहे. एक आवाज जवळच्या वाटेनं ताबडतोब येतो, दुसरा लॅपटॉपला वळसा घालून. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर स्पीकरचं चिन्ह किंवा ‘इनपुट मॉनिटर’ असेल, ते बंद करा. रेकॉर्ड व्हायचं ते होतच राहील.

इथे एक बारकावा आहे. गाणाऱ्याला आपला आवाज हाडांतूनही ऐकू येतो, अगदी तत्क्षणी. त्यामुळे हेडफोनमधला आवाज पाच मिलिसेकंद मागे असला तर तो ‘उशिरा आला’ असं वाटत नाही. तो पोकळ वाटतो, नळीतून आल्यासारखा. दोन आवाज एकमेकांवर पडतात आणि १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठरावीक जागी एकमेकांना खातात. गिटारवाल्याला हे फारसं जाणवत नाही, गायकाला जाणवतं. ‘माइकचा आवाज मला आवडत नाही’ म्हणणारे कितीतरी गायक खरं तर याच पोकळपणाला कंटाळलेले असतात. नवा माइक घ्या म्हणणाऱ्या मित्राला हे दाखवा.

डायरेक्ट मॉनिटरिंगवर एकच रास्त तक्रार असते. कानात येणारा आवाज कोरडा ठणठणीत असतो, आणि थोडा रिव्हर्ब (सभागृहातल्यासारखी घुमणूक) असल्याशिवाय अनेकांचा गळा मोकळा होत नाही. त्यावर एक युक्ती आहे. सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्बचा वेगळा ट्रॅक करा आणि त्यात फक्त रिव्हर्ब ठेवा, मूळ आवाज शून्य. गाण्याच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू करा, त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण खाली ओढा आणि त्यातून रिव्हर्बकडे जाणारा सेंड ‘प्री-फेडर’ करा, म्हणजे फेडर खाली असला तरी आवाज रिव्हर्बकडे जातो. आता कोरडा आवाज इंटरफेसमधून ताबडतोब येतो आणि रिव्हर्ब तेवढा लॅपटॉपमधून थोडा मागाहून. रिव्हर्ब मागाहूनच यायचा असतो. मोठ्या सभागृहातही आधी आवाज येतो, मग भिंतींचं उत्तर. जो उशीर आत्तापर्यंत छळत होता, तो इथे कामाला येतो.

कानाचा प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो: रेकॉर्ड झालेलं गाणं आधीच्या ट्रॅकशी जुळून बसतं का? सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारतं, ‘तुला किती वेळ लागतो?’ आणि तेवढं रेकॉर्डिंग मागे सरकवतं. ड्रायव्हरनं खरं सांगितलं तर सगळं जागच्या जागी बसतं. सगळेच ड्रायव्हर खरं सांगत नाहीत. ताल चुकत नसताना आपण सतत मागे आहोत असं ऐकताना वाटलं, तर ही तपासणी करा: हेडफोन कानातून काढा, ४८ व्होल्टचं (कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं) बटण बंद करा, डायरेक्ट मॉनिटर बंद करा, इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून जॅकची केबल काढून त्याच्याच लाइन इनपुटमध्ये लावा, गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) तळाला. आता एका ट्रॅकवर मेट्रोनोमची टिकटिक वाजवा आणि तीच टिकटिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवून. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा. टिकटिकेवर टिकटिक बसली, किंवा दहा-वीस नमुन्यांचा फरक निघाला, तर विसरून जा. दोनशे नमुने निघाले, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर सुमारे चार मिलिसेकंद, तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘रेकॉर्डिंग ऑफसेट’ अशा नावाचा रकाना असतो, त्यात तो आकडा भरा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते मी प्रत्येक नव्या इंटरफेसवर न चुकता करतो.

तडतडीकडे परत येऊ, कारण १२८ वर आल्यावर ती पुन्हा डोकं वर काढेल. पहिला प्रश्न: सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर कुठला निवडला आहे? विंडोजवर तिथे एएसआयओ हवं, आणि तेही इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं. एएसआयओ ही पद्धत स्टाइनबर्गनं १९९७ साली आणली. तिचा मुद्दा एकच: सॉफ्टवेअरनं विंडोजच्या आवाज मिसळणाऱ्या मधल्या थरात न अडकता थेट इंटरफेसशी बोलायचं. तुम्ही इंटरफेस जोडला, विंडोजनं तो ओळखला, आवाज आला, आणि तुम्ही पुढे गेलात, असंच झालं असणार. विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर गाणी ऐकायला उत्तम आहे, रेकॉर्डिंगला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा, बसवा, लॅपटॉप पुन्हा चालू करा. ‘एएसआयओफॉरऑल’ नावाचा फुकट ड्रायव्हर कुणी सुचवेल. तो विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तेव्हाच त्याच्या वाट्याला जा. (मॅकवर ही भानगड बहुतेक वेळा नसते, तिथे कोअर ऑडिओ आधीच असतं. मात्र तिथे सॉफ्टवेअरला माइक वापरायची परवानगी द्यायची राहिली, तर सगळं सुरळीत दिसतं आणि रेकॉर्ड होते ती निव्वळ शांतता.)

दुसरा प्रश्न केबलचा. इंटरफेस थेट लॅपटॉपला जोडा. माऊस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेस अशी तिघांची वर्दी एकाच स्वस्त हबमधून नको. यूएसबी-सी दिसणाऱ्या काही केबल्स फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून आकडे जातच नाहीत. इंटरफेससोबत आलेली केबलच वापरा. आणि ‘यूएसबी ३ असता तर उशीर कमी झाला असता’ या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा स्टिरिओ आवाज सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट भरतो आणि यूएसबी २ चा वेग आहे ४८० मेगाबिट. रस्ता रिकामाच आहे. उशीर बादलीत आहे.

तिसरा प्रश्न लॅपटॉपचा, पण बदलण्याचा नव्हे. वीज वाचवण्याच्या सेटिंगवर असलेला लॅपटॉप मधूनमधून डुलकी घेतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि वायफाय बंद करून बघा. वायफायचा ड्रायव्हर हा जुना गुन्हेगार आहे. तो क्षणभरासाठी सगळ्यांना थांबवून स्वतःचं काम उरकतो. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं फुकट साधन दहा मिनिटं चालू ठेवलं तर कुठला ड्रायव्हर रांग मोडतो ते नावानिशी सांगतं. या सगळ्यातून गेल्यावर साधा लॅपटॉपही १२८ वर दोन-चार ट्रॅक सहज ओढतो.

धावणारं गाणं मला पत्रातलं सर्वात आवडलं, कारण त्याचं उत्तर गणितात आहे. ते गाणं ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालं आणि नवा प्रोजेक्ट ४८ वर आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने वाजायला हवेत तिथे ४८,००० वाजतायत. चार मिनिटांचं गाणं साडेएकोणीस सेकंद आधी संपतं आणि आवाज सुमारे दीड पट्टी वर चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकतं, म्हणून ते नुसतं उंच वाटत नाही, बेसूर वाटतं. हेही रेकॉर्डिंग शाबूत आहे. पुन्हा गाऊ नका. फाइल नव्यानं प्रोजेक्टमध्ये घ्या आणि ‘प्रोजेक्टच्या सॅम्पल रेटमध्ये बदलू का?’ असं विचारलं तर हो म्हणा. परवा घाईत तुम्ही नाही म्हटलं असणार.

पुढे गोंधळ नको म्हणून एक आकडा कायमचा ठरवा. व्हिडिओ करायचे असतील तर ४८, नुसती गाणी असतील तर ४४.१ किंवा ४८, कुठलाही चालेल. मग तोच आकडा तीन ठिकाणी ठेवा: प्रोजेक्टमध्ये, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये. ब्राउझर ४८ मागतोय आणि प्रोजेक्ट ४४.१, अशा ओढाताणीत काही इंटरफेस मुके होतात, काही तडतडतात. रेकॉर्ड करताना ब्राउझर बंद ठेवलेला बरा. ९६ किंवा १९२ च्या मोहात पडू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि तेवढं नेमकं पकडायला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त सॅम्पल रेट पुरतो. वरच्या आकड्यांनी तुमची डिस्क भरेल आणि लॅपटॉप दमेल.

४४.१ हा आकडा असा आडनिडा का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. पडद्याच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने, एका फील्डमध्ये (चित्राच्या अर्ध्या भागात) वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा. ५० फील्डच्या देशांत रेषा २९४ धरल्या तरी उत्तर तेच येतं. सीडी आली ती हाच आकडा घेऊन, आणि तो आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये येऊन बसला आहे.

आता ‘सूं’. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की तुम्ही माइकपासून दोन-अडीच फुटांवर बसून गाता आणि गेन बराच वर ठेवला आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. खोलीची घरघर मात्र सगळीकडे सारखीच असते, ती पडत नाही. म्हणून माइकपासून एक वीत अंतरावर या. साठ सेंटिमीटरवरून वीसवर आलात तर तुमचा आवाज साडेनऊ डेसिबलनं वाढतो. तेवढाच गेन खाली घ्या. गाणं होतं तेवढंच राहील आणि घरघर साडेनऊ डेसिबलनं खाली जाईल. कुठलंही नॉइज काढणारं प्लगइन इतकं स्वच्छ काम करत नाही. जवळ आल्यावर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात, त्यासाठी पॉप फिल्टर लावा किंवा माइक तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा. फार जवळ, चार बोटांवर, गेलात तर खर्ज फुगतो. काहींना ते आवडतं, मला नाही.

गेन लावताना गाण्याची सर्वात जोरकस ओळ गा, सुरुवातीची गुणगुण नव्हे. त्या ओळीला सॉफ्टवेअरमधलं मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास पोचलं की हात काढून घ्या. ‘एवढं कमी?’ असं वाटेल. काही बिघडत नाही. २४ बिटमध्ये खाली १४४ डेसिबलची जागा असते, निदान कागदावर तरी. ती सगळी वापरायची सक्ती नाही. वर मात्र शून्य हीच भिंत. शून्याला आदळलेला आवाज फाटतो, आणि सॉफ्टवेअरमधला फेडर खाली ओढून तो शिवता येत नाही, कारण तो आधीच इंटरफेसमध्ये फाटलेला असतो. हेडफोनचा नॉब आणि डायरेक्टचा नॉब यांचा रेकॉर्डिंगशी काहीही संबंध नाही. कानात कमी येतंय म्हणून गेन वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. कानासाठी हेडफोनचा नॉब फिरवायचा.

माइकची पुढची बाजू कुठली, हेही एकदा बघून घ्या. मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजानं हलणाऱ्या पडद्याच्या) बहुतेक कंडेन्सर माइकमध्ये बाजूनं गायचं असतं, शेंड्यात नाही, आणि कंपनीची खूण असलेली बाजू सहसा पुढची. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल तर त्याची पाठ सर्वात बहिरी. लॅपटॉपचा पंखा त्या पाठीमागे येईल असं बसा. आणि जाड रजई टांगायची झाली तर तुमच्या पाठीमागे टांगा. लोक माइकच्या मागची भिंत सजवतात, पण माइक बघतो तुमच्याकडे, म्हणजे त्याला ऐकू येते तुमच्या पाठची भिंत.

‘सूं’ऐवजी जाड ‘हुं’ येत असेल तर प्रकरण वेगळं. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला तर तो अर्थिंगचा घोळ (‘ग्राउंड लूप’) आहे; तेवढं गाणं बॅटरीवर उरका. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

गिटारचं दोन ओळींत संपतं. गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) अशक्त असतो, त्याला दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. तुमच्या इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण आहे, ते दाबा. लाइनच्या इनपुटवर पिकअप दबून जातो, वरचे सूर गळतात, आणि मग गोधडी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो, कारण मी स्वतः तोंडावर पडलो आहे. एकदा मी दोन तास मन लावून रेकॉर्ड केलं. माइक समोर, ४८ व्होल्ट चालू, दिवा हिरवा. ऐकलं तर आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा. तासभर केबल्स बदलल्या, माइकला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की सॉफ्टवेअरनं इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा इवलासा माइक निवडला होता आणि माझा कंडेन्सर सगळा वेळ शोभेला होता. तेव्हापासून पहिल्या टेकआधी मी रेकॉर्डचं बटण दाबून माइकच्या जाळीवर नखानं हलकेच टकटक करतो, मग लॅपटॉपवर. कुठली टकटक मोठी येते ते मीटरवर दिसतं.

४८ व्होल्टबद्दल एवढंच: कंडेन्सरला ते लागतं, पण चालू-बंद करताना गेन आणि हेडफोन तळाला असू द्या, नाहीतर कानात धाडकन आवाज होतो. आणि हेडफोन वायरचेच. ब्लूटूथचा उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो. तिथे बफरचा खेळ करून उपयोग नाही.

एवढं सगळं करून, कंपनीचा ड्रायव्हर घालून, केबल बदलून, २५६ वरही तडतड राहिली, तर इंटरफेस दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर तासभर चालवून बघा. तिथेही तो तडतडला, तर मात्र परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा, आणि दुरुस्तीवर समाधान न मानता नवा मागून घ्या.